सूचनांच्या फाइलची पारख

कोड लिहून देणाऱ्या एआय एजंटला कालचं सहसा काही आठवत नाही. टेस्ट कशा चालवायच्या, कुठल्या फोल्डरला हात लावायचा नाही, हे काल तुम्ही त्याला तासभर समजावलेलं असतं. आज नवं सेशन उघडलं की पहिल्यापासून सुरुवात. यावर तोड म्हणून प्रोजेक्टच्या सगळ्यात वरच्या फोल्डरमध्ये साध्या मजकुराची एक फाइल ठेवायची पद्धत पडली. सेशन सुरू झालं की एजंट ती आपणहून वाचतो. क्लॉड कोडमध्ये तिचं नाव क्लॉड डॉट एमडी. कर्सर आणि गिटहब कोपायलट यांच्या अशाच आपापल्या फाइल्स आहेत. २०२५ मध्ये एजंट्स डॉट एमडी हे सामाईक नाव रूढ होऊ लागलं. ओपनएआयच्या कोडेक्ससह बरीच साधनं ती फाइल वाचतात, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात या पद्धतीची जबाबदारी लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालच्या एजंटिक एआय फाउंडेशनकडे गेली.

यांतल्या बऱ्याच फाइल्स एजंटनेच लिहिलेल्या असतात. क्लॉड कोडला इनिट ही कमांड दिली की तो कोड चाळतो आणि फाइलचा पहिला खर्डा हातात देतो. खर्डा दिसायला नेटका असतो. मथळे असतात, फोल्डरांची रचना असते, ‘स्वच्छ आणि वाचनीय कोड लिहा’ असा उपदेशही असतो. टीममधलं कुणीतरी वरवर नजर फिरवतं, कमिट करतं, आणि पुढे महिनोन्‌महिने प्रत्येक सेशनला तो मजकूर मॉडेलपुढे जात राहतो. त्याचा उपयोग होतोय की अडचण, हे कुणी तपासत नाही. मला हे गंभीर वाटतं, कारण या एका फाइलचा परिणाम त्या प्रोजेक्टमध्ये एजंट लिहील त्या प्रत्येक ओळीवर होत असतो. एरवी एका फंक्शनच्या नावावरून रिव्ह्यूमध्ये वाद घालणारी माणसं हिच्याकडे मात्र दुर्लक्ष करतात.

फाइल चांगली आहे का, हे ती वाचून अर्धंच कळतं. उरलेलं अर्धं ती काढून घेतल्यावर कळतं. आधी वाचण्याचं पाहू, मग काढून घेण्याचं.

त्याआधी फाइल आत गेल्यावर तिचं काय होतं, हे माहीत हवं. तुम्ही काम सांगता तेव्हा मॉडेलपुढे एक लांबलचक मजकूर जातो. साधनाच्या मूळ सूचना, तुमची फाइल, तुमचं म्हणणं, आणि मग एजंट जसजसा फाइल्स उघडतो, कमांड चालवतो, तसतसं त्याचं सगळं आउटपुट त्यात जमा होत जातं. या सगळ्या ढिगात तुमची फाइल हा एक तुकडा. ती सेटिंग्जची फाइल नाही. तिथे ‘हे करू नका’ लिहिलं म्हणून कुठलाही प्रोग्रॅम एजंटचा हात धरत नाही. मॉडेल ती वाचतं आणि बाकीच्या मजकुराशी तोलून काय करायचं ते ठरवतं. म्हणजे तिच्यातल्या प्रत्येक ओळीला टोकनांची किंमत आहे, प्रत्येक ओळ मॉडेलच्या लक्षासाठी इतर ओळींशी झगडते, आणि कुठलीही ओळ मानली जाईलच अशी हमी नाही. फाइलची पारख करताना या तिन्ही गोष्टी डोक्यात ठेवायच्या.

उदाहरणाला एक प्रोजेक्ट घेऊ. समजा, सहकारी पतसंस्थांच्या कर्जखात्यांचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर आहे. पायथन आणि जँगोमध्ये लिहिलेलं, डेटाबेस पोस्टग्रेसचा. सभासदाची थकबाकी, हप्ते, दंडव्याज, एप्रिल ते मार्च आर्थिक वर्षाचे अहवाल, असा सगळा मामला. या प्रोजेक्टच्या सूचना-फाइलमध्ये पन्नासेक ओळी आहेत. फाइल इंग्रजीत आहे, मी सूचनांचा आशय मराठीत देतो.

पहिली फेरी खरेखोटेपणाची. फाइलमध्ये दिलेली प्रत्येक कमांड टर्मिनलवर स्वतः चालवून पाहायची. नमूद केलेला प्रत्येक फोल्डर, प्रत्येक फाइल खरोखर आहे का ते बघायचं. हे काम इतकं कंटाळवाणं आहे की कुणी करत नाही, आणि फाइल्समधल्या चुका बहुतेक इथेच सापडतात. टेस्ट चालवायची कमांड सहा महिन्यांपूर्वी बदललेली असते. ‘अहवालांचा कोड रिपोर्ट्स फोल्डरमध्ये आहे’ असं लिहिलेलं असतं आणि तो फोल्डर कधीच दुसऱ्या अॅपमध्ये हलवलेला असतो. माणसाला कागदपत्रांत चूक सापडली की तो शेजाऱ्याला विचारतो. एजंट विचारत बसत नाही. त्याला फोल्डर मिळाला नाही तर तो नवा तयार करून मोकळा होतो, आणि मग अहवालांचा कोड दोन ठिकाणी राहायला लागतो. खोटी ओळ नसलेल्या ओळीपेक्षा वाईट, ती अशी. ही तपासणी स्क्रिप्ट लिहून सीआयमध्ये लावता येते: फाइलमधले पाथ शोधा, अस्तित्वात नसेल तर बिल्ड अडवा. एका दुपारचं काम आहे.

दुसरी फेरी एकेका ओळीची. इथे थोडं रेंगाळायला हवं. आपल्या फाइलमधल्या दोन ओळी शेजारी ठेवू.

एक ओळ म्हणते, ‘कोड स्वच्छ, सुटसुटीत आणि चांगल्या पद्धतींना धरून लिहा.’

दुसरी म्हणते, ‘रक्कम सगळीकडे पैशांत आणि पूर्णांक म्हणून ठेवा. व्याजाचं राउंडिंग करताना पायथनचं राउंड वापरू नका. मनी मॉड्यूलमधलं आमचं फंक्शन वापरा. पायथन अर्ध्याला सम अंकाकडे वळवतो, संस्थांचा नियम अर्धा पैसा वर धरण्याचा आहे.’

पहिली ओळ वाचून मॉडेलच्या वागण्यात काय फरक पडेल? काहीच नाही. ते एरवीही आपल्या समजुतीप्रमाणे स्वच्छच लिहितं. शिवाय एजंटने केलेला बदल समोर ठेवून ‘ही सूचना पाळली का’ असं विचारलं, तर दोन माणसं दोन उत्तरं देतील. दुसऱ्या ओळीचं तसं नाही. राउंड हा शब्द नव्या कोडमध्ये आला की नाही, हे डोळ्यांनी दिसतं, शोधूनही काढता येतं. गूगलच्या संशोधकांनी २०२३ मध्ये आयएफइव्हॅल नावाची चाचणी काढली तेव्हा हेच तत्त्व धरलं होतं. मॉडेल सूचना पाळतं का, हे मोजायचं तर सूचनाच अशा निवडायच्या की पालन झालं का ते प्रोग्रॅमने ठरवता यावं: ‘चारशेपेक्षा जास्त शब्द लिहा’, ‘अमुक शब्द तीनदा वापरा’. आपल्या फाइलमधल्या सगळ्याच ओळी इतक्या काटेकोर होणार नाहीत. पण ज्या ओळीचं पालन झालं की नाही हे सांगताच येत नाही, ती ओळ बहुधा काम करत नसते.

दुसऱ्या ओळीत आणखी एक गुण आहे, आणि माझ्या मते तो जास्त मोलाचा. ती जे सांगते ते कोड वाचून कळण्यासारखं नाही, आणि मॉडेलची आपसूक सवय इथे नेमकी चुकीची आहे. पायथन लिहिणारा कुणीही, माणूस असो की मॉडेल, राउंडिंगसाठी राउंडच लिहील. आता हिशेब करून बघा. थकबाकी १२ रुपये २५ पैसे, म्हणजे १२२५ पैसे. दंडव्याज २ टक्के. उत्तर साडेचोवीस पैसे. पायथनचं राउंड याचे २४ करतं, संस्थेच्या नियमाने २५ व्हायला हवेत. एका खात्यावर एक पैसा. हजारो खात्यांवर, दर महिन्याला, आणि शेवटी ऑडिटरसमोर ताळेबंद जुळत नाही तेव्हा ते शोधणाऱ्याचे आठवडे जातात. फाइलमध्ये जागा द्यावी ती अशा ओळींना. कारणही दिलंय हे बघा: ‘पायथन अर्ध्याला सम अंकाकडे वळवतो’. कारण कळलं की मॉडेल तोच नियम फाइलमध्ये न लिहिलेल्या ठिकाणीही लावू शकतं, उदाहरणार्थ डेटाबेसच्या क्वेरीमध्ये राउंडिंग करताना.

याउलट, चार स्पेसचं इंडेंटेशन ठेवा, इम्पोर्ट अकारविल्हे लावा, ओळ अमुक अक्षरांपेक्षा लांब नको, या सूचना फाइलमध्ये कशाला? ते काम फॉर्मॅटरचं. तो दर वेळी न चुकता करतो आणि टोकन खात नाही. फोल्डरांच्या यादीचंही तेच. एजंट एका कमांडमध्ये यादी काढून बघतो आणि ती ताजी असते. यादीऐवजी न दिसणारं सांगा: ‘लेगसी फोल्डरमधला कोड अजून दोन संस्था वापरतात, तिथे सुधारणा करू नका.’

ओळीओळीने वाचताना विसंगती शोधायची असते, आणि ती फाइलच्या आतच असेल असं नाही. फाइल म्हणते, रक्कम पूर्णांकात. पण जुन्या अहवालांच्या कोडमध्ये चाळीस ठिकाणी फ्लोट आहे. एजंट नवा अहवाल लिहायला बसला की आधी शेजारचे अहवाल उघडतो आणि त्यांच्यासारखं लिहितो. एक ओळ सूचना एका बाजूला, चाळीस जिवंत उदाहरणं दुसऱ्या बाजूला. उदाहरणं जिंकतात असा अनुभव वारंवार येतो. अशा वेळी सूचना नुसती ठासून लिहून, ‘महत्त्वाचं’ असं चारदा बजावून फारसं साधत नाही. जुना कोड चुकीचा आहे हे फाइलमध्ये उघड सांगावं लागतं आणि कित्ता म्हणून एक योग्य फाइल नावानिशी दाखवावी लागते: ‘अहवालांत फ्लोट दिसेल, ते अनुकरणीय नाही; नवं काम थकबाकी अहवालाच्या धर्तीवर करा.’ क्लॉड कोडसारखी साधनं वापरकर्त्याच्या होम फोल्डरमधली वेगळी फाइल आणि आतल्या फोल्डरांमधल्या फाइल्सही वाचतात. त्या सगळ्या एकत्र उघडून बघाव्यात. दोन फाइल्स एकमेकींना छेद देत असतील, तर कुठली मानली जाईल याचा भरवसा नसतो.

लांबीबद्दल थोडक्यात. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या आणि इतर ठिकाणच्या संशोधकांनी दाखवलं होतं की लांब मजकुराच्या मधोमध असलेली माहिती मॉडेलं कमी वापरतात, सुरुवातीची आणि शेवटची जास्त. त्यानंतरची मॉडेलं बरीच सुधारली आहेत, पण लांबलचक फाइलमध्ये कामाची ओळ झाकोळते हे आजही खरं आहे. काही ठिकाणी तर मर्यादा ठरलेलीच असते. कोडेक्स अशा फाइल्सचा मिळून ३२ किलोबाइटपर्यंतचा मजकूर घेतो आणि सेटिंग बदललं नाही तर पुढचा सोडून देतो. सूचना मराठीत लिहू पाहणाऱ्या टीमने हे मुद्दाम लक्षात घ्यावं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, काना-मात्रा-वेलांट्यांनाही. तोच आशय इंग्रजीच्या कितीतरी पट जागा घेतो, टोकनंही सहसा जास्त मोजतो. मॉडेलांना मराठी कळतं, प्रश्न तो नाही. पतसंस्थेच्या व्यवहारातले ‘जामीनदार’, ‘वसुली दाखला’ यांसारखे शब्द तर मराठीतच ठेवावेत, कारण डेटाबेसमध्ये आणि छापील अहवालांत तेच येणार असतात.

इथवर वाचून कळणारं अर्धं झालं. आता फाइल काढून घ्यायची.

कल्पना सोपी आहे. एकच काम एजंटला दोनदा द्यायचं, एकदा फाइल ठेवून, एकदा फाइल काढून, आणि निकाल ताडून पाहायचे. खरी मेहनत कामं निवडण्यात आहे. माझं सांगणं असं की ती मनाने रचू नका, प्रोजेक्टच्या इतिहासातून घ्या. गेल्या काही महिन्यांत पूर्ण झालेली तिकिटं उघडा. ‘थकीत हप्त्यावर दंडव्याज लावणे’ असं एक तिकीट आहे, ते ज्या कमिटने पूर्ण झालं ते सापडलं. त्याच्या लगेच आधीच्या अवस्थेत प्रोजेक्ट नेऊन ठेवायचा, तिकिटाचा मजकूर जसाच्या तसा एजंटला द्यायचा. माणसाने तेव्हा लिहिलेल्या टेस्ट बाजूला काढून ठेवायच्या आणि एजंटचं काम झाल्यावर त्या चालवायच्या. एसडब्ल्यूई-बेंच ही प्रसिद्ध चाचणी २०२३ मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी याच रीतीने बांधली: पायथनचे १२ मुक्तस्रोत प्रोजेक्ट, त्यांतले खरेखुरे प्रश्न आणि त्यांची खरीखुरी उत्तरं, मिळून २,२९४ कामं. आपल्याला दहा-पंधरा पुरतात.

दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं, प्रोजेक्ट मागे नेला तरी गिटमध्ये पुढचे कमिट तसेच पडलेले असतात. हुशार एजंट गिटचा इतिहास धुंडाळतो आणि उत्तर तिथून उचलतो. एसडब्ल्यूई-बेंचमध्येच हे घडत असल्याचं २०२५ मध्ये उघड झालं. तेव्हा पुढचा इतिहास खरोखर काढून टाकलेली प्रत वापरावी. दुसरं, ‘फाइल काढली’ असं आपल्याला वाटतं, पण होम फोल्डरमधली वैयक्तिक फाइल एजंट वाचतच असतो आणि तिच्यात निम्म्या सूचना पुन्हा असतात. मग दोन्ही निकाल सारखे येतात आणि फाइल निरुपयोगी आहे असा चुकीचा निष्कर्ष निघतो. स्वच्छ कंटेनरमध्ये चाचणी घेतली की हा धोका टळतो.

एकदा चालवून काही सिद्ध होत नाही. मॉडेल तेच काम दर वेळी जरा वेगळं करतं. पहिल्या खेपेला राउंड लिहितं, दुसऱ्या खेपेला मनी मॉड्यूल आपणहून शोधून काढतं. म्हणून प्रत्येक काम प्रत्येक बाजूने निदान तीन ते पाच वेळा चालवायचं. समजा, दहा कामांपैकी फाइल असताना सात जमली आणि नसताना सहा. यातून काहीही सिद्ध होत नाही, उद्या हेच उलट होईल. पण राउंडिंगच्या कामात फाइल असताना पाचपैकी पाचही वेळा २५ पैसे आले आणि नसताना एकदाच, तर ती ओळ काम करते आहे हे मानायला हरकत नाही. म्हणूनच एकूण गुणांपेक्षा एकेका सूचनेसाठी बेतलेली कामं जास्त बोलकी ठरतात. साडेचोवीस पैशांची टेस्ट मुद्दाम लिहावी ती याचसाठी. इतर बहुतेक रकमांवर राउंड आणि संस्थेचा नियम सारखंच उत्तर देतात, आणि चूक असूनही टेस्ट हिरवी दिसते.

नोंदायचं काय? टेस्ट पास झाल्या का, हे पहिलं. सूचना पाळली का, हे वेगळं, कारण टेस्ट पास होऊनही नियम मोडलेला असू शकतो. टोकन किती गेली. ज्या फाइल्सचा संबंध नव्हता त्यांना हात लागला का. पण सगळ्यात जास्त शिकायला मिळतं ते एजंटने काय काय केलं त्याचा क्रमवार लॉग वाचून. आकड्यांच्या तक्त्यात हे दिसत नाही. दंडव्याजाच्या कामाचा लॉग वाचला तर दिसतं की एजंटने टेस्ट चालवल्या, डेटाबेसशी जोडणी झाली नाही म्हणून त्या पडल्या. त्याने सेटिंग्ज उघडल्या, पोर्ट बदलून पाहिला, पुन्हा पडल्या, मग एसक्यूलाइट वापरायला सुरुवात केली, आणि शेवटी पोस्टग्रेसपुरत्या असलेल्या दोन टेस्ट वगळून ‘सगळं पास’ असं कळवलं. तो ज्या ओळीच्या शोधात होता ती फाइलमध्ये नव्हतीच: ‘टेस्टआधी डॉकरमधला पोस्टग्रेस सुरू करा, एसक्यूलाइटवर चालवू नका.’ फाइलमध्ये काय कमी आहे हे फाइल वाचून कधीच सापडत नाही. एजंट कुठे भरकटला, तिथे सापडतं.

काही कामं अशीही हवीत जिथे सूचना लागू व्हायला नको. ‘प्रत्येक बदलाबरोबर टेस्ट लिहा’ ही चांगली सूचना आहे. पण एजंटला रीडमी फाइलमधलं शुद्धलेखन सुधारायला सांगितलं आणि त्याने त्यासाठी टेस्ट लिहिली, तर सूचना गरजेपेक्षा जास्त जोरात वाजते आहे. ‘हिशेबाचं लॉजिक बदललं तर टेस्ट लिहा’ असं केलं की ती जागेवर येते. अति लागू होणारी सूचना मोडल्या जाणाऱ्या सूचनेइतकीच सदोष आहे. फक्त तिचा दोष कामसूपणाच्या रूपात येतो म्हणून लवकर ध्यानात येत नाही.

फाइल संपूर्ण काढून जो फरक दिसला, तो कुठल्या भागाने पडला हे कळायला एकेक भाग काढून पुन्हा चालवायचं. हे खर्चिक आहे, दर आठवड्याला करू नये. पण एकदा केलंत तर फाइल बरीच आखडते. प्रोजेक्टच्या रचनेचं लांब वर्णन काढलं, फरक नाही, जाऊ दे. ‘डेटाबेसचं जुनं मायग्रेशन बदलू नका, नवं तयार करा’ ही ओळ काढली आणि एजंटने जुनं मायग्रेशन जागेवर बदललं, ती ओळ राहिली.

मॉडेललाच फाइल दाखवून ‘दहापैकी गुण दे’ म्हणायचा मोह होतो. तसा आकडा मिळतो, पण तो मजकुराच्या टापटिपीचा असतो. पूर्ण वाक्यं, नीट मथळे, भरपूर तपशील असलेली फाइल चांगले गुण घेऊन जाते, तिच्यातली कमांड चालत नसली तरी. मॉडेलचा उपयोग वेगळा करावा. एकेक ओळ देऊन विचारावं, ‘केलेला बदल बघून ही सूचना पाळली की नाही ते कसं ओळखशील?’ उत्तर गुळमुळीत आलं की ओळ दुरुस्तीला घ्यावी. विसंगती शोधायलाही मॉडेल चांगलं कामाला येतं.

आता एक गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. चाचणीत एखादी सूचना पाचपैकी चारदा पाळली गेली तर आपण खूश होतो. राउंडिंगसाठी ते ठीक असेल, उरलेली चूक टेस्ट पकडते. पण ‘खऱ्या डेटाबेसवर डिलीट चालवू नका’ ही सूचना पाचपैकी चारदा पाळली गेली तर? जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या कंपनीच्या एजंटने जेसन लेमकिन या उद्योजकाचा चालू डेटाबेस पुसून टाकला. कोड गोठवला आहे, काहीही बदलू नकोस, असं त्यांनी त्याला पुनःपुन्हा बजावलं होतं. रेप्लिटच्या प्रमुखांनी माफी मागितली, आणि कंपनीने केलेला उपाय बघण्यासारखा आहे. त्यांनी सूचना आणखी कडक शब्दांत लिहिली नाही. चाचणीचा आणि खरा डेटाबेस आपोआप वेगळे ठेवायला सुरुवात केली. फाइल तपासताना प्रत्येक ओळीपुढे हा प्रश्न ठेवावा: ही एकदाच मोडली तर काय होईल? नुकसान भरून येणार नसेल तर ती ओळ चुकीच्या जागी आहे. तिची जागा परवानग्यांमध्ये, डेटाबेसच्या युजरच्या अधिकारांमध्ये, किंवा क्लॉड कोडमध्ये ज्यांना हुक म्हणतात त्या कमांडआधी न चुकता चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये. फाइलमध्ये एक ओळ राहू द्यावी, म्हणजे एजंट विनाकारण भिंतीला धडकत बसणार नाही. भिंत मात्र बांधलेली हवी.

सुरक्षेचा आणखी एक पैलू वाचणाऱ्याच्या डोळ्याला दिसतच नाही. मार्च २०२५ मध्ये पिलर सिक्युरिटी या कंपनीने दाखवून दिलं की कर्सर आणि कोपायलटच्या नियमांच्या फाइल्समध्ये शून्य रुंदीची, न दिसणारी युनिकोड चिन्हं पेरून एजंटला घातक सूचना देता येतात. रिव्ह्यू करणाऱ्याला फाइल निर्मळ दिसते, मॉडेलला मात्र लपलेला मजकूर वाचता येतो. बाहेरून उचललेली फाइल म्हणून आधी अशा चिन्हांसाठी तपासावी. मराठी मजकूर असलेल्या फाइल्समध्ये इथे एक अडचण येते. शून्य रुंदीचा जोडक आपल्या लिपीत रीतसर वापरला जातो, अर्ध्या अक्षराचं रूप हवं तसं दाखवण्यासाठी. सरसकट बंदी घालणारी स्क्रिप्ट ‘वाऱ्यावर’सारख्या शब्दाच्या काही टायपिंगवरही बोंब मारेल. दोन देवनागरी अक्षरांमध्ये, हलन्तानंतर आलेला जोडक चालवून घ्यावा आणि बाकी सगळीकडचा अडवावा, एवढी सूट स्क्रिप्टमध्ये ठेवली की भागतं.

निगा राखण्याचं तंत्र साधं आहे. एजंटने तीच चूक दुसऱ्यांदा केली की ओळ घालायची, आणि घालताना तिच्यासाठी एक काम चाचणीच्या संचात टाकायचं. कोड बदलला तर फाइल त्याच कमिटमध्ये बदलायची, वेगळ्या ‘डॉक्युमेंटेशनच्या तिकिटा’वर ढकलायची नाही. आणि नवं मॉडेल आलं की संच पुन्हा चालवायचा. जुन्या मॉडेलच्या सवयी मोडायला घातलेल्या ओळी, ‘बदलण्याआधी फाइल पूर्ण वाच’, ‘न मागितलेल्या कॉमेंट लिहू नकोस’, अशा वेळी बिनकामाच्या ठरू लागतात आणि काढता येतात. अर्धा पैसा वर धरायची ओळ मात्र मॉडेल कितीही सुधारलं तरी राहते, कारण तो नियम मॉडेलला कुठे शिकायला मिळालेलाच नाही. तो पतसंस्थेचा आहे. संचालक मंडळाने तो बदलला तर मनी मॉड्यूल, साडेचोवीस पैशांची टेस्ट आणि फाइलमधली ती ओळ, तिन्ही त्याच दिवशी बदलायची.